"तू नुसते ओठ हलव" ते तिकीट लावून गाणं : गळा नसलेल्याची अकरा वर्षं

कणसूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दुसऱ्या एका धाग्यावर "गाणं अंगातच असावं लागतं, घासून काही होत नाही" असं वाचलं. तिथे तीनदा प्रतिसाद टंकला, तीनदा खोडला. शेवटी वेगळा धागाच काढतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आधी माझी पात्रता. शाळेच्या समूहगीतात मला घ्यायचे ते उंचीमुळे, मागची रांग भरायला. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." चार वर्षं हलवले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मी तोंड उघडलं की शेजारचाही घसरायचा. घरी गुणगुणलो तर आई आतून विचारायची, "दाराला तेल घालायचं राहिलंय का रे?"

एकोणतिसाव्या वर्षी शिकायला गेलो. पहिल्या गुरुजींकडे सगळ्या मुलीच, त्यामुळे पेटी कायम काळी चारमध्ये, म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. पेटी एकीकडे, मी भलतीकडे. तीन महिने त्यांनी माझ्याकडून सा काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि चौथ्या महिन्यात अगदी प्रेमानं म्हणाले, "तुम्ही श्रोता म्हणून फार चांगले आहात." माणूस सज्जन होता, म्हणून जास्त लागलं.

वर्षभरानं दुसरीकडे गेलो. या बाईंनी गायला लावलंच नाही. "काल दिवसभर काय काय केलंत ते सांगा," म्हणाल्या. मी सांगत होतो आणि त्या पेटीवर एकेक पट्टी दाबून बघत होत्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "तुमचा सा पांढरी एकला आहे. काळी चारमध्ये तुम्हाला कोणी पाठवलं?" कोणी म्हणजे मीच! लहानपणापासून मी ऐकलेली गाणी बायकांच्या आवाजातली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच पट्टीत ओढत गायची सवय. बहुतेक पुरुषांचा सा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चारच्या आगेमागे. काळी चारला वरचा सा धरला तर माझा पंचम (प) म्हणजे आरोळी, आणि खालचा धरला तर आवाज विहिरीत. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या चपला घालून लंगडत होतो आणि पाय अधू आहेत असं समजत होतो.

पट्टी सापडली म्हणून सूर लागला असं मात्र अजिबात झालं नाही. पुढचे दीड महिने फक्त तानपुरा ऐकायचा, तोंड मिटून हुंकार द्यायचा, थांबायचं, परत ऐकायचं. बाईंचं एकच पालुपद, "आधी कान, मग गळा." तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेत गंधार (ग) ऐकू येतो असं त्या म्हणायच्या. चार तारांत गंधाराची तार नाही, मग येणार कुठून? मला वाटायचं ही गवयांची नेहमीची गूढ भाषा. चार महिन्यांनी एका सकाळी तो ऐकू आला. मी उठून शेजारच्या खोलीत कोणी गातंय का ते बघून आलो.

त्यानंतर ध्वनिमुद्रण. रोज फोनवर दहा मिनिटं, पण ऐकायचं दुसऱ्या दिवशी. लगेच ऐकलं की गाताना मनात जे होतं तेच ऐकू येतं, एक रात्र गेली की परक्याचा आवाज वाटतो. सूर मोजणारं अ‍ॅपही लावलं. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात. मी पंचमाच्या वर गेलो की ३५ ते ४० सेंट उतरा, म्हणजे तेवढा खाली. बेसूरही नाही, कणसूर. आयडी तिथून आला. सुई दहाच्या आत यायला सव्वादोन वर्षं लागली.

जे आलं नाही तेही सांगतो. तान आली नाही. अकरा वर्षांनंतरही माझी तान म्हणजे जिन्यावरून पातेलं गडगडत यावं तशी. मग मी संथ लयीतलं, शब्द जपून म्हणायचं गाणं धरलं. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी वीस मिनिटं, वर्षाचे साधारण तीनशे दिवस. मागच्या वर्षी तिकीट लावून तीसेक कार्यक्रम झाले, नोकरी अर्धवेळ केली. फार लोक मला ओळखतात असं नाही. पण एकदा बोलावलेल्यांतले बरेचजण दुसऱ्यांदा बोलावतात, आणि गाणाऱ्याच्या यशाची माझी मोजपट्टी तेवढीच आहे.

कोणी या वाटेवर असाल तर लिहा. टोमणेही चालतील, सवय आहे.

---

मंद्रातली मैना

वाचनखूण साठवली. दाराच्या तेलावर फुटले! आईंचं आता काय म्हणणं आहे?

---

कणसूर

@मैना, पहिल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात श्वास चुकला." आणि खरंच चुकला होता.

---

तर्कटराव

धागा छान, भाषा छान. पण मला यात "उपजत गुण नसताना" कुठे दिसत नाही. तुमच्याकडे कान होता, पट्टी चुकीची होती. पट्टी सापडल्यावर गाडी चालली. ज्याच्याकडे कानच नाही त्याचं काय?

दुसरं असं की तुम्ही जमलेले आहात म्हणून धागा काढलात. अकरा वर्षं घासून न जमलेले "आम्हाला जमलं नाही बुवा" असा धागा काढायला येत नाहीत. त्यामुळे असे धागे वाचून जगात सगळ्यांना जमतं असंच वाटत राहतं.

तिसरं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दहा हजारांवर जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकानं पुष्कळ सराव केला आणि दुसऱ्यानं कमी, तरी सूर, चाल आणि लय ओळखण्याच्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही. शिवाय सराव करत राहण्याची वृत्तीच बऱ्याच अंशी आनुवंशिक निघाली. म्हणजे चिकाटी हीसुद्धा देणगीच! घ्या.

(हलकेच घ्या. गाणं ऐकायला मात्र नक्की येईन.)

---

सुरपेटी

तर्कटरावांचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिसऱ्याबद्दल थोडं बोलते. वीस वर्षं गाणं शिकवते आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्या.

त्या अभ्यासात मोजलं काय? दोन सूर ऐकवून कोणता उंच, दोन चालींत फरक आहे का, असं ओळखायला लावलं. गायला कोणालाच लावलं नव्हतं. ओळखणं वेगळं आणि गळ्यातून काढणं वेगळं. २००७ मधल्या एका अभ्यासात उलट बाजूनं पाहिलं गेलं. जे बेसूर गातात त्यांना सुरांतला फरक कळतो का? त्यांतल्या बहुतेकांना इतरांइतकाच कळत होता. कानाला कळतंय, गळ्यापर्यंत निरोप नीट पोचत नाही, असा हा प्रकार. माझ्याकडे "मला गाण्याचा कान नाही" म्हणत येणारे बहुतेक सगळे या जातीचे. परीक्षा सोपी आहे. मी मुद्दाम चुकीचा सूर लावते. त्यांचं तोंड वाकडं झालं की मी म्हणते, कान आहे, बसा.

खरोखर सुरांतला भेद न कळणारी माणसं असतात. पूर्वी शंभरात चार असं म्हणायचे, २०१७ च्या एका मोठ्या पाहणीत प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघालं. वीस वर्षांत मला असे दोन विद्यार्थी भेटले, निदान मला तरी तसं वाटलं. त्यांच्यावर मी खूप कष्ट घेतले, त्यांनी माझ्याहून जास्त घेतले. नाही जमलं. त्यातला एक आता उत्तम ठेका धरतो, लय त्याच्या रक्तात होती आणि आम्ही दोघं ती सोडून सुराच्या मागे लागलो होतो. तेव्हा "प्रयत्नांती परमेश्वर" ही म्हण मी वर्गात वापरत नाही.

कणसूर, तुमचा तानपुऱ्यातला गंधार गूढबिढ काही नाही. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूरही वाजतात. पाचपटीचा जो सूर तो गंधार. जव्हारी (तार घोडीला निसटती टेकून येणारी झणक) नीट लागली असेल तर तो स्वच्छ बाहेर येतो. गंमत म्हणजे हा गंधार पेटीवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, कारण पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात. फोनवरचं अ‍ॅपही बहुधा पेटीचाच हिशोब धरतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं सुईच्या नादी लागून तानपुऱ्याशी इतका सुंदर जुळलेला गंधार चढवून बिघडवला की मला रडू यायचं बाकी राहिलं. सुई सा आणि पंचमापुरती ठीक. गंधाराला तानपुराच विचारा.

---

कणसूर

सुरपेटीताई, दंडवत. ही १४ सेंटची भानगड मला पाचव्या वर्षी कळली. तोवर मी बाईंशी वाद घालत होतो की अ‍ॅप माझ्या बाजूनं आहे.

तर्कटराव, "चिकाटी हीसुद्धा देणगीच" यावर माझ्याकडे उत्तर नाही. असेलही. पण मी चिकाटीचा माणूस नाही हो. व्यायामशाळेचं वर्षाचं शुल्क भरून सहा दिवस गेलेलो आहे, बासरी दोन आठवड्यांत सोडली, जर्मन भाषा आकड्यांवर सोडली. गाण्यात टिकलो कारण रोज एक छोटी गोष्ट ऐकू यायला लागली, जी आदल्या आठवड्यात ऐकू येत नव्हती. त्याला चिकाटी म्हणायचं की चटक?

---

बाराखडी

दहा हजार तास सराव केला की कोणीही तयार होतं म्हणतात, त्याबद्दल कोणीच कसं नाही बोललं अजून?

---

तर्कटराव

@बाराखडी, तो आकडा बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरच्या १९९३ च्या अभ्यासातून आला. त्यातल्या उत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तास निघाला. सरासरी! म्हणजे कित्येकांचा त्याहून कमी होता. नंतर लोकप्रिय पुस्तकांनी त्याचा नियम केला आणि मूळ संशोधक एरिक्सन यांनी स्वतःच त्यावर नाराजी दाखवली. त्यांचं म्हणणं, नुसते तास मोजून उपयोग नाही, चूक दाखवणारं कोणी हवं आणि ती चूक धरून केलेला सराव हवा.

धागाकर्त्याचे तास मी मोजले. रोज ६५ मिनिटं, ३०० दिवस, ११ वर्षं. साडेतीन हजारांच्या थोडं वर. तुम्ही अजून बाल्यावस्थेत आहात, काका.

---

कणसूर

"काका" शब्दाचा निषेध. वय वर्षं एक्केचाळीस फक्त.

---

जुनी तबकडी

चूक दाखवणारं कोणी नसलं तर काय होतं त्याचं एक उदाहरण आठवलं. फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स. अमेरिकेतली धनाढ्य बाई, ऑपेराची कमालीची हौस, सूर मात्र एकही जागेवर नाही. निमंत्रितांपुढे गायच्या, लोक तोंड दाबून हसायचे आणि वर टाळ्या वाजवायचे. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. सगळी तिकिटं संपली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. महिनाभरात त्या गेल्या.

ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा ऐकताना हसू आलं नाही. चिकाटीत ही बाई आपल्या कोणाहून कमी नव्हती. एकही मित्र "अहो, उतरा लागतोय" म्हणाला नाही, कारण म्हणाला असता तर मैफलीचं आमंत्रण बंद. कणसूर यांच्या आईसारखी एक आई घरात हवी होती.

आपल्याकडचं उलट उदाहरण थोर गवई भास्करबुवा बखल्यांचं. लहानपणी गोड गळ्यामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीत, वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतली किंमत गेली. तिथून बाहेर पडून फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, पुढे अल्लादिया खाँ असे एकेका गुरूकडे शिकत राहिले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. फुटल्या आवाजाचा मुलगा म्हणून तेव्हाच कोणी चिठ्ठी चिकटवली असती तर पुढचं सगळं गेलं असतं.

आणि खुद्द अल्लादिया खाँ. तरुणपणी अति गाण्यानं आवाज गेला, परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्या आवाजाला झेपेल अशी बुद्धीची, लयीच्या पेचांची गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणतो ती. तान येत नाही म्हणून कणसूर यांनी संथ गाणं धरलं, ते वाचून हेच आठवलं. तुलना अर्थातच नाही, नाहीतर इथेच मार पडेल.

---

तर्कटराव

तबकडीकाका, अल्लादिया खाँ पिढीजात गवयांच्या घरातले. आवाज गेला, विद्या कुठे गेली होती? "उपजत नसताना" या सदरात त्यांना घालू नका.

---

जुनी तबकडी

मान्य. गळा आणि गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच म्हणायचं होतं. लोक गळ्याला गाणं समजतात आणि गळा नाही म्हणून गाण्याच्या वाटेलाच जात नाहीत.

---

घसा खवखव

वाचनमात्र असते, पण इथे लिहायलाच हवं. मी चिकाटीची शिकार आहे.

"गळा तापवल्याशिवाय तयार होत नाही" असं ऐकून रोज तीन तास वरच्या पट्टीत ओरडायचे. आवाज बसला की समजायचे रियाझ चांगला झाला. सात महिन्यांनी आवाज दुपारपर्यंत फुटेचना. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी. स्वरतंतू म्हणजे दोन इवल्या घड्या, बोलतानासुद्धा बायकांच्या सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषांच्या शंभर-सव्वाशे वेळा. ताण देऊन आपटल्या की हाताला घट्टे पडावेत तसे तिथे पडतात. नशीब एवढंच की शस्त्रक्रिया लागली नाही, वाचोपचारतज्ज्ञांकडे चार महिने व्यायाम केले. घसा खाकरायचा नाही, कुजबुजायचंही नाही (कुजबुजण्यानं आराम मिळतो असं वाटतं, तसं नसतं), आणि रोज बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून "ऊ" काढायचा. दिसायला वेड्यासारखं, पण घड्यांवरचा भार त्यानं खरंच हलका होतो.

आता गाते. वीस मिनिटं झाली की थांबते. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कृपया रियाझ "वाढवू" नका, डॉक्टरांना दाखवा.

---

सुरपेटी

खवखव, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. गळा दुखेपर्यंत गाणं म्हणजे रियाझ, ही समजूत शिकवणाऱ्यांनीच पसरवली आहे. माझ्या गुरुजींनीही मला हेच सांगितलं होतं. खर्ज भरायचा (खालच्या सुरांचा रियाझ) तोसुद्धा हळू आवाजात भरायचा असतो.

---

बाराखडी

अवांतर: स्वतःचा आवाज फोनवर ऐकला की इतका भिकार का वाटतो? मी त्या भीतीनंच गात नाही.

---

कणसूर

@बाराखडी, बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्ही वाटांनी ऐकू येतो. हाडांतून येणारा भाग त्याला भरदारपणा देतो. फोनला ती वाट नाही, त्यामुळे जो पातळ आवाज ऐकू येतो तोच जगाला तुमचा म्हणून माहीत आहे. तुमच्या ओळखीच्या सगळ्यांनी तो केव्हाच सहन केलेला आहे, घाबरायचं काय त्यात? मला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी आवाज कसा आहे हे विसरून सूर कुठे आहे ते ऐकू यायला लागलं.

---

मागची रांग

सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, खातं आज उघडलं. मलाही "ओठ हलव" सांगितलं होतं. वय सदतीस. कोणालाही कधी गाऊन दाखवलेलं नाही, बायकोलासुद्धा. काल रात्री सगळे झोपल्यावर फोनवर तानपुरा लावून सात सेकंद सा लावला. पट्टी कोणती ठेवायची कळेना म्हणून काळी चार ठेवली, मग तुमचा धागा परत वाचला आणि काळी एकला आणली. तरी मध्येच आवाज तुटला. काळी एक बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? गुरू शोधायची अजून हिंमत नाही.

---

कणसूर

@मागची रांग, या या, रांग पुढे सरकवू.

आज गाऊ नका. काल काय केलंत ते दोन मिनिटं फोनला सांगा, नेहमीच्या आवाजात, आणि पेटीच्या अ‍ॅपवर तुमचं वाक्य जिथे टेकतं ती पट्टी शोधा. बहुधा तिथेच किंवा तिच्या दोन-तीन पट्ट्या वर तुमचा सा असेल. तिथून वरच्या पंचमापर्यंत न ओरडता आणि खालच्या पंचमापर्यंत आवाज न विरता जाता आलं तर पट्टी जमली.

---

सुरपेटी

आणि सात सेकंद पुष्कळ झाले. आवाज तुटतो तो बहुधा श्वास आधीच संपलेला असतो म्हणून. चार सेकंदच लावा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा.

---

मागची रांग

बोलून पाहिलं. वाक्य पांढरी एकच्याही खाली टेकतंय, त्या पट्टीचं नाव मला येत नाही. चार सेकंद लावला. तुटला नाही. बायको उठून आली आणि विचारलं, फोनवर कोणाशी बोलतोयस.

---

मंद्रातली मैना

मग? काय सांगितलंस?

---

मागची रांग

सांगितलं, कोणाशी नाही. ती म्हणाली, मग परत कर.